गुरूचें आसन आणि शिक्षकाचीं पावलें

आपल्या भाषेनें विद्येची जागा नेहमीं बसण्याशीं जोडलेली आहे. विद्यापीठ या शब्दांतलें पीठ म्हणजे आसन. उपनिषद् या शब्दाच्या व्युत्पत्तींत जवळ बसणें आहे. पुराण सांगणाऱ्याच्या जागेला आपण व्यासपीठ म्हणतों. आणि एखाद्या विषयाच्या प्राध्यापकपदाला जेव्हां अध्यासन हें नांव मिळालें तेव्हां त्या नव्यानें रुळलेल्या शब्दांतही बसणेंच आलें. युरोपांतली गोष्ट निराळी नाहीं. तिकडच्या आचार्यांचें कॅथेड्रा म्हणजे उंच खुर्ची, आणि इंग्रजींत प्राध्यापकाच्या पदाला आजही खुर्चीच म्हणतात. इतकें असून आज कोणत्याही शाळेच्या वर्गांत डोकावून पाहावें, तर शिकणारे बसलेले आणि शिकविणारा उभा! सकाळच्या प्रार्थनेपासून शेवटच्या घंटेपर्यंत पांच-सहा तास शहाबादी फरशीवर उभें राहून तो घरीं येतो तेव्हां पोटऱ्या भरून आलेल्या असतात, तळवे पेटलेले असतात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं अंथरुणावरून पहिलें पाऊल जमिनीवर टेकतांना टाचेंत खिळा ठोकल्यासारखी कळ येते. हें सारें शिक्षकाच्या नशिबीं सृष्टीच्या आरंभापासून लिहिलें आहे असें पुष्कळांस वाटतें. परंतु इतिहास पाहिला तर शिक्षकाचें हें उभें राहणें दोन शतकांपलीकडे फारसें जात नाहीं. तो केव्हां व कां उभा राहिला, आणि त्याच्या पायांना पुढें कोणकोणत्या शास्त्रांनीं हात लावला, तें येथें सांगावयाचें आहे.

बोलोन्या येथील एका व्याख्यानाचें चौदाव्या शतकांतलें एक चित्र प्रसिद्ध आहे. लॉरेन्शियस द व्होल्टोलिना या चित्रकारानें काढलेल्या त्या चित्रांत आचार्य हेन्रिकुस उंच आसनावर पुढें पुस्तक उघडून बसले आहेत. पुढच्या बाकांवरले विद्यार्थी पोथींत दृष्टि लावून आहेत. मागच्या बाकांवर गप्पा चालल्या आहेत, आणि एकाला तर चक्क झोंप लागली आहे. मागचे बाक सहा शतकांत फारसे बदललेले नाहींत! बदलली ती पुढची बाजू. ॲरिस्टॉटल हिंडत हिंडत शिकवीत असे अशी आख्यायिका आहे, व त्याच्या संप्रदायाचें नांवही फिरण्याच्या वाटेवरून पडलेलें आहे. पण फिरणें वेगळें आणि एका जागीं उभें राहणें वेगळें. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें सारा प्रश्न त्यावरच येऊन ठेपणार आहे.

आपल्याकडचे पंतोजी बसूनच शिकवीत. देवळाच्या ओवरींत, एखाद्या सावकाराच्या पडवींत किंवा स्वतःच्या ओसरीवर घोंगडी अंथरलेली, जवळ छडी, समोर धुळीच्या पाट्यांवर अक्षरें गिरविणारीं मुलें. मुलानें उठून पंतोजींकडे जावें, पाटी दाखवावी, चूक असल्यास प्रसाद घ्यावा व जागेवर परत यावें. प्रत्येक मुलाचा पाठ निराळा असल्यामुळें साऱ्या वर्गाला एकदम उद्देशून बोलण्याची पंतोजींना गरजच नव्हती, आणि ज्याला सर्वांशीं एकदम बोलावयाचें नसतें त्याला उभें राहण्याचें कारण पडत नाहीं. त्या शाळांत दोष पुष्कळ होते; पंतोजींच्या पायांचें दुखणें मात्र त्या दोषांत नव्हतें.

उभें राहण्याचा प्रवेश शाळेंत झाला तो प्रथम मुलांच्या बाजूनें झाला, आणि त्या कथेचा एक धागा हिंदुस्थानांतून जातो. मद्रास येथें 1789 सालीं लष्करी लोकांच्या अनाथ मुलांसाठीं शाळा निघाली. तिचा कारभार अँड्र्यू बेल या पाद्र्याकडे होता. एकदां घोड्यावरून जात असतां त्यानें एका देशी शाळेंत मुलें वाळूवर बोटानें अक्षरें काढीत असलेलीं पाहिलीं. ती रीत त्यानें आपल्या शाळेंत आणली, व मोठ्या मुलांनीं लहानांस शिकवावें अशी व्यवस्था बसविली. 1797 सालीं त्यानें या प्रयोगावर पुस्तक प्रसिद्ध केलें. इकडे लंडनमध्यें जोसेफ लँकेस्टर यानें बरो रोडवर 1798 च्या सुमारास तशाच तऱ्हेची शाळा चालविली. त्या प्रचंड दालनांत शेंकडों मुलें. भिंतींवर टांगलेल्या तक्त्यांपुढें मुलांचे अर्धवर्तुळाकार थवे उभे. प्रत्येक थव्यापुढें एक नायक विद्यार्थी हातांत कांठी घेऊन उभा. आणि मुख्य शिक्षक एका टोंकाला चौथऱ्यावरून सर्वांवर नजर ठेवून. मुंबईस 1822 सालीं शाळा व शाळोपयोगी पुस्तकें यांसाठीं जी मंडळी स्थापन झाली तिच्या चालकांचें लक्षही या पद्धतीकडे होतें. एका मास्तराच्या खर्चांत शेंकडों मुलें शिकतात, हा हिशेब कोणत्या कारभाऱ्यास आवडणार नाहीं?

पण नायक मुलांनीं दिलेलें शिक्षण पोपटपंचीपलीकडे जात नाहीं हें लवकरच कळून आलें, आणि मग खुद्द शिक्षकानें साऱ्या वर्गास एकदम शिकवावें असा विचार पुढें आला. ग्लासगो येथें डेव्हिड स्टो यानें पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीवर मुलें बसवून त्यांच्यासमोर शिक्षकानें उभें राहून प्रश्नोत्तरांनीं पाठ चालवावा ही रीत रूढ केली, व 1837 सालीं तेथें शिक्षक तयार करण्याचें विद्यालय उभारलें. याच्याच थोडें आधीं काळा फळा शाळेंत आला होता. एडिंबरो येथील हायस्कूलचे मुख्याध्यापक जेम्स पिलन्स हे 1810 ते 1820 या काळांत फळ्यावर रंगीत खडूनें नकाशे काढून भूगोल शिकवीत. अमेरिकेंत वेस्ट पॉइंट येथील लष्करी शाळेंत जॉर्ज बॅरन यानें 1801 सालींच गणितासाठीं फळा वापरला होता. आमच्या मतें शिक्षकाला खुर्चीवरून उठविणारा खरा अपराधी हा फळाच होय. पाटी मुलाच्या मांडीवर असते, फळा भिंतीवर असतो. त्यावर लिहावयाचें तर उठलें पाहिजे, लिहिलेलें दाखवावयाचें तर बाजूस उभें राहिलें पाहिजे, आणि चाळीस मुलांपैकीं कोण लक्ष देत नाहीं तें पाहावयाचें तर वळून तोंड पुढें केलें पाहिजे. मुंबई इलाख्यांत 1855 सालीं सरकारी शिक्षणखातें सुरू झालें. त्याबरोबर तासांचें वेळापत्रक आलें, घंटा आली, तपासणीला येणारे डिपोटीसाहेब आले, आणि उभा शिक्षक हा उद्योगी शिक्षक व बसलेला शिक्षक हा आळशी शिक्षक, असा एक समज हळूहळू रुजला.

येथें एक विसंगति सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्या शाळेंत गृहपाठ न करणाऱ्या मुलास "उभा राहा" ही शिक्षा पिढ्यान् पिढ्या दिली गेली, आणि अधिक अपराध असल्यास बाकावर उभें केलें गेलें, त्याच शाळेनें शिक्षकाचें दिवसभर उभें राहणें हें त्याचें कर्तव्य ठरविलें. एकच गोष्ट मुलाला दंड आणि गुरूला धर्म!

स्त्रीशिक्षिकांच्या बाबतींत या कथेस आणखी एक पदर आहे, व तो शाळेच्या इतिहासांत नाहीं, स्वयंपाकघराच्या इतिहासांत आहे. आपल्या आज्या चुलीपुढें पाटावर बसून स्वयंपाक करीत. विळीही बसून चालवावयाची असे. विसाव्या शतकांत शहरांतल्या घरांतून उभ्याचा ओटा आला, आणि तो पुष्कळ अंगांनीं सोयीचाही ठरला. परंतु जी स्त्री सकाळीं दोन तास ओट्यापुढें, मग बसच्या गर्दींत, मग सहा तासिका फळ्यापुढें आणि संध्याकाळीं पुन्हां ओट्यापुढें उभी असते, तिच्या पायांचा हिशेब कोणत्याच वेळापत्रकांत मांडलेला नसतो.

उभ्यानें काम करण्याच्या रोगांचा विचार मात्र शिक्षक उभा राहण्यापूर्वीं शंभर वर्षें झालेला होता. इटलींतील बेर्नार्दिनो रामाझ्झिनी हा वैद्य 1633 सालीं कार्पी येथें जन्मला, मोदेना येथें प्राध्यापक होता व 1700 सालीं पादुआच्या विद्यापीठांत गेला. त्याच सालीं त्यानें कारागिरांच्या रोगांवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला; 1713 सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली. रोग्याला वैद्यानें जे प्रश्न विचारावयाचे त्यांत "तुझा धंदा कोणता?" हाही प्रश्न विचारलाच पाहिजे, हें त्याचें सांगणें आज सर्व वैद्यकाला मान्य आहे. या ग्रंथांत उभ्यानें काम करणाऱ्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांतलीं उदाहरणें सुतार, करवत चालविणारे, लोहार, गवंडी अशांचीं आहेत. विद्वानांचा विचार त्यानें वेगळा केला, आणि तो मुख्यतः बैठ्या माणसांचा म्हणून केला. उभ्या कामगारांच्या पायांवरील शिरा फुगून गाठाळतात हें त्यानें नोंदलें. त्याहून मोलाचें म्हणजे एक साधा प्रश्न त्यानें विचारला: माणूस तासभर चालला तर जितका थकत नाहीं तितका थोडा वेळ एका जागीं उभा राहिला तर कां थकतो? त्याचें उत्तर असें कीं, चालतांना स्नायु आळीपाळीनें काम करतात व आळीपाळीनें विसावतात; स्थिर उभें राहिलें असतां मात्र ते सारे एकसारखे ताणलेले राहतात. म्हणून अशा कामगारांनीं मधून मधून बसावें, किंवा निदान इकडे तिकडे हिंडून शरीर हलवावें, असा त्याचा सल्ला आहे. तीन शतकांत शास्त्रानें पुष्कळ नवें सांगितलें. पण या सल्ल्याला खोडून काढणारें असें कांहीं सांगितलें नाहीं.

नवें सांगितलें तें असें. शिरांच्या आंत रक्त एकाच दिशेनें जाऊं देणाऱ्या झडपा असतात, याचें वर्णन फाब्रिकियस यानें 1603 सालीं याच पादुआ नगरांत प्रसिद्ध केलें, आणि त्याचा शिष्य विल्यम हार्वे यानें 1628 सालीं रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडतांना त्या झडपांचा पुरावा घेतला. पायांतलें रक्त हृदयाकडे वर चढावयाचें तें बव्हंशीं पोटरीच्या स्नायूंच्या दाबानें. पाऊल उचललें कीं पोटरी आवळते, रक्त वर ढकललें जातें, झडप मिटते व तें खालीं येऊं शकत नाहीं. म्हणून पोटरीला दुसरें हृदय म्हणण्याचा प्रघात आहे. माणूस निश्चल उभा असतांना घोट्याजवळच्या शिरेंतला दाब पाऱ्याच्या मापानें सुमारें 80 ते 90 मिलिमीटर असतो. तोच चालूं लागला कीं कांहीं पावलांतच तो 30 च्या आसपास किंवा त्याहूनही खालीं येतो. म्हणजे फळ्यापुढें थिजून उभा राहिलेला शिक्षक आणि बाकांच्या रांगांतून फिरणारा शिक्षक, हे दोघेही "उभे" म्हणून मोजले जात असले तरी त्यांच्या शिरांच्या दृष्टीनें दोन निराळे प्राणी आहेत. डेन्मार्कमध्यें बारा वर्षें चाललेल्या व 2005 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, बहुतांश वेळ उभ्यानें काम करणाऱ्यांस फुगलेल्या शिरांसाठीं रुग्णालयांत जाण्याची पाळी इतरांहून दीडपटीहून अधिक येते असें आढळलें. रामाझ्झिनीनें जें डोळ्यांनीं पाहिलें होतें तें आंकड्यांनीं पाहिलें, इतकाच फरक.

दुसरें दुखणें हाडांच्या बाजूचें आहे. एका पावलांत 26 हाडें असतात व तीं कमानीच्या आकारानें रचलेलीं असतात. कमानीचीं दोन टोंकें बांधून ठेवणारा एक चिवट पट्टा टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत तळव्याखालून गेलेला आहे. धनुष्याला जशी प्रत्यंचा, तसा पावलाला हा पट्टा. पाऊल टाकतांना बोटें वर वळलीं कीं हा पट्टा ताणला जाऊन कमान उंचावते, हें जे. एच. हिक्स यानें 1954 सालीं दाखवून दिलें. तासन् तास उभें राहिल्यानें, त्यांतही वजन वाढलेलें असल्यास व पोटऱ्या आंखडलेल्या असल्यास, या पट्ट्याच्या टाचेकडील मुळाशीं दुखणें जडतें. रात्रीच्या विश्रांतींत तो आंखडतो व सकाळच्या पहिल्या पावलाला ताणला जातो, म्हणून ती पहिली कळ. आपल्याकडे अशा वेळीं "टाचेचें हाड वाढलें" असें म्हणण्याची पद्धत आहे, आणि छायाचित्रांत तसा कांटा दिसला कीं रोग सापडला असें वाटतें. परंतु तसला कांटा टाच मुळींच न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांतही असतो, आणि टाच दुखणाऱ्या कित्येकांत तो नसतो. हाडाच्या भीतीनें शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें. हें दुखणें बहुतेकांस सावकाश, कांहीं महिन्यांत, साध्या उपायांनींच उतरतें.

आपल्या प्राचीन वैद्यांना हें दुखणें ठाऊक होतें. सुश्रुतानें वातकंटक या नांवानें त्याचें वर्णन केलें आहे; पाऊल वेडेंवांकडें पडल्यानें घोट्याच्या आश्रयानें होणारी पीडा ती ही. वाग्भटानें त्याला श्रम हें दुसरें कारण जोडलें, तें आमच्या शिक्षकाला अधिक लागू आहे. कांटा हें नांव किती नेमकें आहे तें ज्याची टाच दुखते त्यालाच समजेल. पायांना तेल चोळण्याचे, म्हणजे पादाभ्यंगाचे, गुण चरकानें सांगितले आहेत, त्यांत थकवा, ताठरपणा व बधिरपणा जाणें हे प्रमुख आहेत. आणि पायांत पादत्राण घालणें हेंही त्यानें दिनचर्येंतच घातलें आहे. घरोघरच्या कांशाच्या वाटीचें मूळ याच परंपरेंत आहे. तळव्याला तूप किंवा खोबरेल लावून वाटी फिरविली म्हणजे तळवा काळा पडतो व "उष्णता निघाली" असें आपण म्हणतों. तो काळेपणा धातु व स्निग्धता यांच्या घर्षणाचा असावयाचा. परंतु सुख खरें असतें, आणि थकलेल्या पायाला दहा मिनिटें कोणी हात लावला ही गोष्ट औषधांत धरावयास हरकत नाहीं. गरम विटेवर रुईचें पान ठेवून टाच शेकण्याची रीतही तशीच. शेकानें आराम पडतो, मुळाचें दुखणें मात्र जागेवर राहतें.

उभें राहण्याचा शीण देवालाही होतो, हें तर महाराष्ट्राला कोणी शिकवावयास नको. आषाढी व कार्तिकी यात्रेच्या काळांत पंढरपुरास पांडुरंगाचा पलंग काढून ठेवतात. रात्रंदिवस दर्शन चालतें, देवाला शेजारती नाहीं, निद्रा नाहीं. अशा वेळीं उभ्या देवाच्या पाठीशीं मऊ लोड देतात. यात्रा आटोपली कीं प्रक्षाळपूजा होते: देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्यानें स्नान घालतात, रात्रीं शीण जाण्यासाठीं काढा दाखवितात, आणि मग पलंग पुन्हां येऊन नित्योपचार सुरू होतात. ज्यांनीं हा उपचार प्रथम योजिला त्यांना उभ्या माणसाच्या पायांची व पाठीची चांगली ओळख असली पाहिजे. लोड, पायांचें मर्दन, ऊन पाणी आणि शेवटीं विश्रांति, यांत काय कमी आहे? विटेवरच्या देवाला जें आपण न मागतां दिलें तें फळ्यापुढच्या माणसाला देतांना मात्र आपल्याला तो आळशी होईल अशी भीति पडते!

युरोपांत जोड्यांचा विचार बराच उशिरां सुरू झाला. डच शरीरशास्त्रज्ञ पेत्रुस काम्पर यानें 1781 सालीं उत्तम जोडा कसा असावा यावर एक निबंध लिहिला. घोड्यांच्या व खेचरांच्या खुरांची जितकी काळजी विद्वान् घेतात तितकी माणसाच्या पायांची घेत नाहींत, अशी त्याची तक्रार होती. त्या काळीं डाव्याउजव्या पायांचे जोडे एकाच साच्यावर बनत. पायानेंच त्यांना हळूहळू डावेंउजवें करावयाचें असे. झुरिकचा शरीरशास्त्रज्ञ हेरमान फॉन मायर यानें 1858 सालीं दाखविलें कीं, निरोगी पायांत आंगठ्याची रेषा मागें वाढविली तर ती टाचेच्या मध्यांतून जाते. म्हणून जोड्याचें टोंक मध्यभागीं निमुळतें करणें म्हणजे आंगठा वांकडा करणें होय. शिकागो येथें विल्यम शोल यानें 1904 सालीं कमानीला आधार देणारी जोड्यांतली पट्टी विकावयास काढली, आणि पायांचें दुखणें हा तेव्हांपासून मोठा व्यापार झाला. या व्यापारानें पुष्कळांना आराम दिला हें खरें. परंतु महागडी पट्टी प्रत्येकाला लागतेच असें नाहीं. पुष्कळांचें काम तयार मिळणाऱ्या साध्या पट्टीनेंही भागतें.

आपल्याकडे शिक्षकाला जोडा निवडतांना दोन अडचणी आहेत. एक म्हणजे आपल्या सपाट, कडक तळाच्या वहाणा. कोल्हापुरी वहाण दिसावयास डौलदार व चालावयास टिकाऊ खरी, पण शेतांतल्या व शेणानें सारवलेल्या मऊ जमिनीवर तिचें जें जमतें तें सिमेंटच्या चौथऱ्यावर जमत नाहीं. दुसरी अडचण अशी कीं, कित्येक शाळांत वर्गाबाहेर पादत्राणें काढून ठेवण्याची रीत आहे. ती स्वच्छतेची आहे, आदराची आहे. परंतु ज्याची टाच दुखते त्याला अनवाणी फरशीवर उभें करणें म्हणजे दुखण्याला खतपाणी घालणें होय. अशा शाळेंत शिक्षकानें केवळ वर्गांत घालावयाचा, बाहेर न वापरलेला मऊ तळाचा जोड ठेवला तर स्वच्छताही राहते व पायही राहतो. जोडा पुढें रुंद असावा, टाचेकडे घट्ट असावा, टाच बोटभर उंच चालेल पण फार नको, आणि खरेदी संध्याकाळीं करावी, कारण दिवसभर उभें राहून पाय किंचित् फुगलेला असतो व सकाळीं बसलेला जोडा दुपारीं चावतो. फळ्यापुढच्या जागेंत जाड सतरंजीची दुहेरी घडी किंवा रबराची चटई टाकली तरी पुष्कळ फरक पडतो.

शिरांच्या दुखण्यासाठीं आवळ मोज्यांचा उपयोग करतात. त्यांच्यासंबंधीं सांगतात तें असें कीं, कॉनरॅड योब्स्ट नांवाचा एक अमेरिकन यंत्रज्ञ स्वतः या दुखण्यानें पीडलेला होता. पोहण्याच्या तलावांत छातीभर पाण्यांत उभें राहिलें कीं पाय दुखत नाहींत असा त्याचा अनुभव. आणि पाण्याचा दाब तळाशीं अधिक व वर कमी असतो हें त्याच्या ध्यानांत आलें. त्यावरून घोट्याशीं घट्ट व वर क्रमाक्रमानें सैल होत जाणारे मोजे त्यानें 1950 च्या सुमारास तयार केले. असे मोजे सकाळीं पाय सुजण्यापूर्वींच घालावयाचे असतात. पायांच्या धमन्यांत अडथळा असलेल्यांना मात्र ते अपायकारक होतात, म्हणून डॉक्टरांस विचारल्यावांचून घट्ट मोजे घेऊं नयेत.

टाचेच्या दुखण्यावर गेल्या कांहीं वर्षांत जे उपाय पारखले गेले ते इतके स्वस्त आहेत कीं लोकांना ते खरे वाटत नाहींत. पहिला असा: सकाळीं अंथरुणावरून उतरण्यापूर्वीं दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, हातानें बोटें नडगीकडे ओढावीं, तळव्याचा पट्टा ताणला गेलेला बोटाला लागेल, दहापर्यंत अंक मोजून सोडावें, व असें दहा वेळां करावें. मग उठावें. दुसरा असा: पायरीवर उभें राहून, बोटांखालीं टॉवेलची गुंडाळी घालून, टाचा अगदीं सावकाश उचलाव्या व सावकाश खालीं न्याव्या. हा व्यायाम एक दिवसाआड करावयाचा. डेन्मार्कमध्यें 48 रुग्णांवर केलेल्या व 2014 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तीन महिन्यांअखेर या दुसऱ्या उपायानें केवळ ताणाच्या व्यायामाहून अधिक गुण आला; वर्षअखेर दोन्हींचा निकाल सारखाच होता. यावरून अधीर माणसानें दुसरा घ्यावा, आळशी माणसानें पहिला घ्यावा, असें म्हणतां येईल. संध्याकाळीं पाऊण तास पाय उशीवर, छातीच्या पातळीहून थोडे वर ठेवून पडणें हें शिरांना हितकर. ऊन पाण्यांत मीठ घालून पाय बुडविण्यानेंही बरें वाटतें. परंतु ज्यांस मधुमेह आहे व पायांची जाणीव कमी झाली आहे, त्यांनीं पाण्याचा ऊनपणा पायानें कधींही पाहूं नये. पाय भाजतो आणि कळत नाहीं. एकच पोटरी अचानक सुजली व दुखूं लागली, तर ती उभें राहण्याची थकावट समजून तेल चोळीत बसूं नये. शिरेंत रक्ताची गांठ झालेली असण्याचा संभव असतो, व मग डॉक्टरांकडे त्याच दिवशीं गेलें पाहिजे.

आतां राहिला खुर्चीचा प्रश्न, आणि तो वैद्यकाचा नसून सत्तेचा आहे. इंग्लंडांत दुकानांतून काम करणाऱ्या मुलींना दिवसभर बसूं देत नसत. गिऱ्हाइकापुढें बसलेली मुलगी दिसणें दुकानाच्या अब्रूला कमीपणा आणणारें वाटे. बऱ्याच आंदोलनानंतर 1899 सालीं तेथें कायदा झाला कीं, दुकानांत दर तीन स्त्री-नोकरांमागें निदान एक बैठक असलीच पाहिजे. आपल्याकडे 1948 च्या फॅक्टरी ॲक्टाच्या 44 व्या कलमानें, ज्यांना उभ्यानें काम करणें भाग आहे अशा कामगारांना कामाच्या ओघांत विसाव्याची संधि मिळाली तर बसतां यावें म्हणून कारखान्यांत बैठकीची सोय ठेवण्याचें बंधन घातलें. दुकानांतल्या स्त्रियांना मात्र आणखी सत्तर वर्षें थांबावें लागलें. केरळांत कापडाच्या मोठमोठ्या दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांनीं बसण्याच्या हक्कासाठीं लढा दिला, व 2018 सालीं तेथील दुकानविषयक कायद्यांत बैठकीची तरतूद झाली. 2021 सालीं तामिळनाडूनें तसाच कायदा केला. कारखाना झाला, दुकान झालें. या कायद्यांचा रोख शाळेच्या वर्गावर मात्र नव्हता, कारण वर्गांत खुर्ची असतेच! तिच्यावर हजेरीपुस्तक असतें, खडूची पेटी असते, तपासावयाच्या वह्यांचा ढीग असतो; शिक्षक तेवढा नसतो. कोणी अडविलें असें नाहीं, पण दारावरून जाणाऱ्या मुख्याध्यापकांच्या नजरेंत काय येईल ही धास्ती कायद्याहून कडक असते. कांहीं शाळांत तर वर्गावर देखरेख करणारे कॅमेरे आल्यापासून ही नजर दिवसभर चालू राहते.

कोणी म्हणेल, बसून शिकविलें तर वर्ग ताब्यांत राहत नाहीं. या म्हणण्यांत तथ्य आहे, तें नाकारूं नये. मागच्या बाकावर काय चाललें आहे हें सामान्य खुर्चीवरून दिसत नाहीं, म्हणून तर बोलोन्याच्या आचार्यांचें आसन उंच होतें. त्यावर उपायही त्या चित्रांतच आहे. कमरेइतक्या उंचीचें, खालीं पाय टेकावयास आडवी दांडी असलेलें स्टूल फळ्याशेजारीं ठेवलें, तर त्यावर टेकलेल्या शिक्षकाची नजर उभ्या शिक्षकाइतकीच उंच राहते आणि टांचांवरचा भार निम्म्याहून कमी होतो. लिहावयास उठावें, समजावून सांगावयास टेकावें, मुलें वहींत लिहूं लागलीं कीं रांगांतून फिरावें. एका तासिकेंत या तिन्ही अवस्था आल्या म्हणजे रामाझ्झिनीचा सल्ला पुरा पाळला गेला. जेथें स्टूल नाहीं तेथें वीतभर उंचीचा लांकडी ठोकळा फळ्याखालीं ठेवावा व त्यावर एकेक पाय आळीपाळीनें टेकावा. वेळापत्रक करणाऱ्यांनीं एकाच शिक्षकाच्या चार तासिका ओळीनें न लावतां मध्यें एक रिकामी घालावी, आणि वरच्या मजल्यावरचे वर्ग ज्यांचे पाय दुखतात त्यांच्याकडे देऊं नयेत. दहावी-बारावीच्या परीक्षांत तीन तास पर्यवेक्षण करणारास वर्गाच्या मागच्या बाजूस एक खुर्ची ठेवावी. नक्कल करणाऱ्या मुलाला पाठीमागच्या पर्यवेक्षकाची धास्ती समोरच्यापेक्षां अधिक वाटते, कारण तो बसला आहे कीं उभा आहे, तें त्याला कळत नाहीं.